सिऱ्होसिसमध्ये काही अमिनो आम्लं घटतात, काही वाढतात: असं का, आणि वरण-दूध बंद का करू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, सिऱ्होसिस (यकृत व्रणांनी भरून कडक होणं) झालेला. मध्यंतरी रात्री जागायचे, दिवसा झोपायचे, असंबद्ध बोलायला लागले. दवाखान्यात अमोनिया (प्रथिनं फुटताना तयार होणारा विषारी पदार्थ) वाढलेला निघाला आणि लॅक्ट्युलोज या पोट साफ ठेवणाऱ्या औषधावर ते सावरले. नंतर रक्तातल्या अमिनो आम्लांची तपासणी झाली. त्यात ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन कमी, तर टायरोसिन, फेनिलॲलनिन, मिथिओनिन जास्त. घरातली मोठी माणसं म्हणतात, लिव्हरला प्रथिनं झेपत नाहीत, वरण-दूध-अंडी बंद करा. आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलीची शंका: लिव्हर अमिनो आम्लं उचलतच नसेल तर सगळीच वाढायला हवीत, मग तीन कमी कशी?

सगळीच वाढायला हवीत, हा तर्क चुकीचा नाही. यकृत एकाएकी कोसळतं तेव्हा जवळपास तेच घडतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मन वैद्य फ्रेरिख्स यांना, यकृत झपाट्याने नष्ट होत चाललेल्या रुग्णांच्या लघवीत ल्युसिन आणि टायरोसिनचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांचं संपूर्ण यकृत काढून पाहिलं, तेव्हा युरिया बनणं थांबलं आणि रक्तातली अमिनो आम्लं चढत गेली. आज हे चित्र आम्हाला अतिदक्षता विभागात दिसतं. पॅरासिटामॉलचा अतिरेकी डोस, उंदीर मारायच्या पेस्टमधला पिवळा फॉस्फरस, गरोदरपणात चिघळलेली हिपॅटायटिस ई, अशी त्यामागची कारणं असतात. अशा रुग्णात ग्लुटामिन, ॲलनिन, टायरोसिन, मिथिओनिन सगळीच वर जातात. एक तर त्यांचा विनियोग करणारी पेशी उरलेली नसते, आणि वर मरणाऱ्या पेशींची स्वतःची प्रथिनंही फुटून रक्तात येतात. अपवाद आर्जिनिनचा. फुटलेल्या यकृतपेशींतून आर्जिनेज हे विकर (एन्झाइम) रक्तात सांडतं आणि आर्जिनिनचे तुकडे करतं, त्यामुळे ते खाली येतं. शाखायुक्त तीन अमिनो आम्लं, म्हणजे तुमच्या रिपोर्टमधली ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन, याही वेळी फारशी वाढत नाहीत. हा दुवा लक्षात ठेवा, कारण तुमच्या वडिलांचं कोडं तिथूनच सुटतं.

जेवणातली प्रथिनं आतड्यात फुटून अमिनो आम्लं होतात आणि पोर्टल शिरेतून आधी यकृतात येतात. यकृत त्यातली बरीचशी उचलतं. फेनिलॲलनिनचं टायरोसिन करणारं विकर मुख्यतः यकृतात, टायरोसिनची पुढची विल्हेवाट लावणारं यकृतात, मिथिओनिन हाताळणारं यकृतात, ट्रिप्टोफॅनचंही बरंचसं तिथेच. शाखायुक्त तिघांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांचा नायट्रोजन काढून घेणारं पहिलं विकर यकृतपेशींत जवळजवळ नसतंच. त्यामुळे ती यकृतातून तशीच पार होतात आणि स्नायूंकडे जातात. मांसाहारी जेवणानंतर यकृत-आतड्याच्या भागातून बाहेर पडणाऱ्या अमिनो आम्लांत निम्म्याहून अधिक वाटा या तिघांचा असतो, हे १९७०च्या दशकात वाहरेन आणि फेलिग यांनी माणसांवर मोजून दाखवलं. मूळ मांसात त्यांचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतो, हे ध्यानात घेतलं तर यकृत त्यांना किती सोडून देतं ते कळतं.

म्हणजे वडिलांच्या रिपोर्टमधली वाढलेली तीन नावं यकृताची तक्रार सांगतात आणि घटलेली तीन नावं स्नायूंची. हे मी मुद्दाम असं तोडून लिहिते आहे, कारण घरात सगळं खापर लिव्हरवर फुटतं आणि हातापायांकडे कुणी बघत नाही.

स्नायूंत काय होतं ते जरा सावकाश सांगते. निरोगी यकृत अमोनियाचं युरियात रूपांतर करतं. हे चक्र क्रेब्स आणि हेन्सेलाइट यांनी १९३२ साली जर्मनीत उलगडलं. यकृतात रक्त जिथे शिरतं त्या बाजूच्या पेशी युरिया करतात. तिथून निसटलेला अमोनिया, रक्त बाहेर पडण्याच्या बाजूच्या पेशींची एक पातळ रांग ग्लुटामिनमध्ये बांधून टाकते. सिऱ्होसिसमध्ये दोन्ही फळ्या कमजोर होतात. त्यात पोर्टल शिरेतला दाब वाढल्याने रक्त आडवाटांनी, यकृताला वळसा घालून निघून जातं, म्हणजे उरल्यासुरल्या चांगल्या पेशींपर्यंत ते पोचतच नाही. मग हा अमोनिया उचलायचं काम स्नायूंवर येतं. स्नायू अमोनियाला ग्लुटामेटशी जोडून ग्लुटामिन करतात. ग्लुटामेट करायला नायट्रोजन लागतो, आणि तो स्नायू शाखायुक्त अमिनो आम्लांतून काढतात. अमोनिया जितका जास्त, तितकी ल्युसिन-आयसोल्युसिन-व्हॅलिनची उधळण जास्त. रक्तातला साठा आटला की स्नायू स्वतःची प्रथिनं फोडतात. शिवाय अमोनियामुळे स्नायूंत मायोस्टॅटिन हे वाढ रोखणारं प्रथिन वाढतं, आणि ल्युसिन कमी असल्याने 'नवं प्रथिन बांधा' हा इशाराही क्षीण होतो. दंड बारीक होतात, गालफडं बसतात, मांड्या सुकतात. पाय सुजलेले आणि पोटात पाणी असल्यामुळे वजनकाट्यावर यातलं काहीच दिसत नाही.

इथे एक दुष्टचक्र आहे. अमोनिया उचलणारा स्नायू कमी झाला की अमोनिया आणखी चढतो. प्रथिनं बंद करण्याचा सल्ला रुग्णाला नेमका या चक्रात ढकलतो.

आता 'उचलण्या'बद्दल, कारण शंका मुळात त्यावरच होती. यकृतपेशीच्या आवरणात अमिनो आम्लं आत घेणारे वाहक असतात. ॲलनिनसारख्या छोट्या अमिनो आम्लांसाठी सोडियमवर चालणारी एक यंत्रणा आहे, तिला 'ए' म्हणतात. ग्लुटामिनसाठी वेगळी, 'एन'. 'ए' यंत्रणा फार लवचीक असते. ग्लुकागॉन हे स्वादुपिंडातलं संप्रेरक वाढलं की ती वाढते. प्राण्यांत यकृताचा मोठा तुकडा काढला तर उरलेला भाग ॲलनिन आधीपेक्षा जोमाने ओढू लागतो, कारण त्याला वाढायचं असतं. म्हणून इजा झाली की उचल थांबते, असं सरसकट म्हणता येत नाही. सिऱ्होसिसमध्ये जास्त आड येतात त्या तीन गोष्टी: वळसा घालून जाणारं रक्त, सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या जाळीदार भिंती बुजल्यामुळे पेशीपर्यंत न पोचणारा माल, आणि आत आल्यावर पुढची प्रक्रिया करणाऱ्या विकरांची कमतरता. मिथिओनिन हे याचं ठळक उदाहरण. ते पेशीत शिरतं, पण त्याला पुढे नेणारं विकर इजा झालेल्या यकृतात मंदावतं. मग मिथिओनिन साठतं, आणि त्यापासून पुढे बनायला हवं ते सिस्टीन आणि ग्लुटाथायोन कमी पडतं. बिघडलेल्या यकृताच्या रुग्णाच्या श्वासाला येणारा उग्र, गोडसर-कुजका वासही मिथिओनिनमधल्या गंधकातून तयार होणाऱ्या वायूंचा. एकेकाळी 'लिव्हरसाठी चांगलं' म्हणून सिऱ्होसिसच्या रुग्णांना मिथिओनिन देत. १९५०च्या दशकात लंडनमध्ये शीला शेरलॉक यांच्या गटाने दाखवलं की त्याने काहींची शुद्ध हरपते. तेव्हा दुकानात 'लिव्हर टॉनिक' म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांवरचं लेबल वाचा आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका.

मेंदूचं काय होतं? फेनिलॲलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, मिथिओनिन आणि शाखायुक्त तिघं, ही सगळी मेंदूत शिरायला एकच वाहक वापरतात. एसटीच्या एकाच दारातून चढणाऱ्या गर्दीसारखं आहे हे: तिघं कमी झाली की बाकीच्यांना आत घुसायला जागा होते. १९७१ साली फिशर आणि बाल्डेसरिनी यांनी मांडलं की आत शिरलेल्या या जास्तीच्या आम्लांपासून खोटे चेतासंदेशक (मेंदूतल्या पेशींमधले निरोप नेणारे पदार्थ) बनतात आणि म्हणून रुग्ण भ्रमतो. शाखायुक्त आणि सुगंधी (म्हणजे टायरोसिन आणि फेनिलॲलनिन) आम्लांच्या गुणोत्तराला आजही फिशर गुणोत्तर म्हणतात. निरोगी माणसात ते साधारण ३ ते ३.५ असतं. सिऱ्होसिसमध्ये ते घसरतं, आणि भ्रमिष्ट अवस्थेतल्या रुग्णांत १ च्या आसपास दिसू शकतं. आज मात्र भ्रमाचं मुख्य कारण अमोनिया आणि शरीरातला दाह हेच मानलं जातं. मेंदूतल्या आधारपेशी अमोनिया ग्लुटामिनमध्ये बांधतात आणि त्या ग्लुटामिनने पाणी ओढून फुगतात. फिशर गुणोत्तर आजाराची खोली दाखवतं, पण त्यावर औषधाचा डोस ठरत नाही. जपानमध्ये त्याची सोपी आवृत्ती म्हणून फक्त टायरोसिनशी गुणोत्तर काढतात. आपल्याकडे नेहमीच्या उपचारांत या तपासणीची गरज जवळजवळ पडत नाही, आणि पुन्हा पुन्हा करून घेण्यात पैसा वाया जातो.

फॅटी लिव्हरच्या लोकांनी हे वाचून गोंधळून जाऊ नये, त्यांचं चित्र उलटं असतं. लठ्ठपणा आणि इन्सुलिनला न जुमानणाऱ्या शरीरात शाखायुक्त अमिनो आम्लं रक्तात वाढलेली असतात. हे फेलिग यांनी १९६९मध्येच नोंदवलं होतं. चरबी भरलेलं यकृत ग्लुकागॉनचंही नीट ऐकत नाही, त्यामुळे अमिनो आम्लांपासून युरिया करण्याचा वेग मंदावतो, ॲलनिनसारखी आम्लं साठतात, ती स्वादुपिंडाला आणखी ग्लुकागॉन सोडायला लावतात. म्हणजे एकाच माणसात चाळिशीत वाढलेलं व्हॅलिन, साठीत सिऱ्होसिस झाल्यावर घटलेलं सापडू शकतं. सोनोग्राफीत 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' लिहून आलं म्हणून जिममधल्या डब्यातली बीसीएए (म्हणजे हीच शाखायुक्त तीन अमिनो आम्लं) पावडर घेण्यात काही अर्थ नाही.

पथ्याकडे येते. प्रथिनबंदीचं मूळ बरंच जुनं आहे. १८९३ साली रशियात पावलोव्ह यांच्या गटाने, पोर्टल शिरेतलं रक्त यकृताला टाळून वळवलेल्या कुत्र्यांना मांस खाऊ घातलं की ते बिघडतात, असं नोंदवलं. पुढे माणसांनाही दिवसाला २० ते ४० ग्रॅम प्रथिनांवर ठेवायची प्रथा पडली आणि कित्येक दशकं टिकली. २००४मध्ये बार्सिलोनात भ्रमाच्या झटक्याने दाखल झालेल्या रुग्णांची दोन गटांत वाटणी करून, एकाला सुरुवातीपासून नेहमीइतकी आणि दुसऱ्याला आधी अगदी कमी प्रथिनं दिली. भ्रम उतरण्यात फरक पडला नाही. कमी प्रथिनांच्या गटात शरीरातली प्रथिनं मात्र जास्त फुटली. दिल्लीच्या जी. बी. पंत रुग्णालयातल्या २०१६च्या अभ्यासात सहा महिने किलोमागे १ ते १.५ ग्रॅम वनस्पतिज प्रथिनं आणि पुरेशा कॅलरी दिल्यावर सौम्य भ्रम उलट जास्त लोकांत ओसरला. आपल्या वरण-भाकरीच्या जेवणासाठी हा अभ्यास मला सर्वांत जवळचा वाटतो.

आजचा सल्ला असा: किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि ३० ते ३५ कॅलरी. वजन धरायचं ते पोटातलं आणि पायातलं पाणी वजा करून. वडिलांचं असं कोरडं वजन ६० किलो असेल तर ७२ ते ९० ग्रॅम. ऐकायला खूप वाटतं, आणि भूक मेलेल्या माणसाला ते एका ताटात जाणारही नाही. वाटून द्या. वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ सात-आठ ग्रॅम, एक अंडं सहा, पाव लिटर दूध आठ, ५० ग्रॅम पनीर साधारण नऊ. भाकरी-पोळीतूनही दिवसाला पंधरा-वीस ग्रॅम येतात, ते लोक मोजतच नाहीत. दुधातली आणि डाळी-कडधान्यांतली प्रथिनं या रुग्णांना मटणापेक्षा बरी मानवतात. कडधान्यांतला चोथा पोट साफ ठेवतो, हा वरचा फायदा. अंडी-मासे चालत असतील तर बंद करायचं कारण नाही. पाणी साठत असेल तर लोणचं, पापड, सुकी मासळी, वेफर्स यांतलं मीठ तेवढं तोडा.

जेवणांमधलं अंतर हा माझ्या मते प्रथिनांच्या ग्रॅमइतकाच महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि घरोघरी दुर्लक्षित. सिऱ्होटिक यकृतात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा तुटपुंजा असतो. एका रात्रीच्या उपाशीपोटी अशा रुग्णाचं शरीर जे इंधन जाळायला लागतं, ते जाळायला निरोगी माणसाला दोन-तीन दिवस उपाशी राहावं लागेल. साखर संपली की स्नायू फोडून अमिनो आम्लांपासून ती बनवली जाते. म्हणून झोपण्यापूर्वी सुमारे ५० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत: एक ज्वारीची भाकरी आणि पेलाभर दूध म्हणजे जवळपास तेवढंच. भाकरी नको असेल तर दूध-पोहे, राजगिऱ्याचा लाडू, नाचणीचं सत्त्व. मधुमेह असेल तर लाडू टाळा, पण खाणं टाळू नका. सकाळचा चहा-नाश्ता उठल्या उठल्या. आणि संकष्टी, एकादशी, नवरात्र, यांतला कोणताही उपवास नको. मी रुग्णांना सांगते की घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तुमच्या नावाने धरावा. बहुतेक घरांत हे मान्य होतं.

बीसीएए पावडरबद्दल विचारणार हे ठाऊक आहे. तोंडाने दीर्घकाळ घेतल्यास भ्रमाचे झटके कमी होतात, याला बऱ्यापैकी आधार आहे. आयुष्य वाढतं, असं मात्र एकत्रित अभ्यासांत दिसलेलं नाही. भ्रमात असलेल्या रुग्णाला शिरेतून देऊनही तो लवकर शुद्धीवर येतो असं ठामपणे म्हणता येत नाही. मी ती कुणाला सुचवते? ज्याला प्रयत्न करूनही जेवणातून प्रथिनं पुरत नाहीत, किंवा ज्याचा भ्रम दूध-डाळीवरही पुन्हा उलटतो, त्याला. बाकीच्यांनी तेच पैसे दूध, पनीर आणि अंड्यांवर घालवावेत. पावडर घेतलीच तर ती जेवणाच्या जागी नव्हे, जेवणासोबत किंवा रात्री झोपताना. लॅक्ट्युलोज आणि रिफॅक्सिमिन (आतड्यातले जंतू कमी करणारं प्रतिजैविक) यांच्या जागी तर कधीच नाही.

साध्या विषाणूजन्य काविळीत, म्हणजे २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून पसरली तशा हिपॅटायटिस ईमध्ये, टायरोसिन-मिथिओनिन थोडे वाढून यकृत भरून आलं की आपोआप खाली येतात. तिथेही उसाच्या रसावर आणि पांढऱ्या भातावर महिनाभर ठेवण्याची गरज नसते. प्रथिनं तात्पुरती थांबवण्याची खरी वेळ एकच: यकृत अचानक बंद पडून अमोनिया फार चढलाय आणि मेंदूला सूज येण्याची भीती आहे, तेव्हा अतिदक्षता विभागात एक-दोन दिवस. तो निर्णय तिथले डॉक्टर घेतात. युरिया चक्राचा जन्मजात दोष असलेल्या मुलांचं पथ्यही वेगळं. लहान बाळाच्या रिपोर्टमध्ये टायरोसिन-मिथिओनिन दोन्ही जास्त आले तर ती निव्वळ यकृताच्या इजेची खूण असू शकते किंवा टायरोसिनेमिया या आनुवंशिक आजाराची. लघवीतलं सक्सिनिलॲसिटोन तपासल्याशिवाय यातलं कोणतंही नाव बाळाला चिकटवू नये.

अमोनियाच्या आकड्याने घाबरू नका, हेही सांगते. दंडाला पट्टा आवळून, मुठी मिटवून घेतलेलं आणि बर्फात न ठेवता तासभर पडून राहिलेलं रक्त अमोनिया खोटाच जास्त दाखवतं. घरात जास्त उपयोगी पडतं ते वडिलांचं अक्षर बदललंय का, हात पुढे केल्यावर पंजे फडफडतात का, झोप उलटी झाली का, हे पाहणं.

झटका पुन्हा आला तर आदल्या दिवशीच्या उसळीला दोष देण्याआधी बद्धकोष्ठता, ताप, जलोदराच्या पाण्यातला संसर्ग, पाण्याच्या गोळ्यांनी घटलेलं पोटॅशियम, झोपेची गोळी आणि अन्ननलिकेतला रक्तस्राव तपासून घ्या. रक्तस्रावाचं कारण तर थेट आपल्या विषयाशी जोडलेलं आहे. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्युसिन अजिबात नसतं. पोटात झिरपलेलं रक्त पचलं की बाकी सगळी अमिनो आम्लं भरमसाट येतात आणि आयसोल्युसिन, जे आधीच कमी असतं, ते आणखी घसरतं. एक आम्ल नसलं की शरीराला त्या इतरांपासून प्रथिन बांधता येत नाही, मग ती सगळी जळतात आणि अमोनिया उसळतो. त्यामुळे शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं आणि लोहाची गोळी चालू नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखान्यात न्या. लोहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारा, पण त्यासोबत चक्कर, घाम किंवा भ्रम दिसला तर फोनवर न थांबता सरळ निघा.